गच्चीवरचं कीर्तन आणि तीन पातेली खिचडी

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते. सैलसर मळलेली, मोठ्या लिंबाएवढी. ती नसेल तर मृदंग नुसता कुरकुरतो, बोलत नाही.

दुधाची पावडर गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात कालवावी.

अंबडच्या कारखान्याला सुट्टी शनिवारी.

सिडकोतल्या तीन मजली इमारतीच्या जिन्यातून मोठं पातेलं वर नेता येतं. भरलेलं असेल तर दुसऱ्या वळणावर सांडतं.

घरात कोणी 'ख्रिस्ती चहा' असं म्हणत नाही. चहा म्हणतात.

*

या सगळ्या गोष्टी एका संध्याकाळी एका गच्चीवर गोळा होतील असं यादव शमुवेल लोंढे यांना कुणी सांगितलं असतं, तर ते हसले असते. हसणं हा लोंढ्यांचा बचाव होता. माणसं छत्री बाळगतात तसं ते हसू बाळगत. नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. केसाएवढी चूक असली तरी ते लोखंडाचा तुकडा परत पाठवत. माणसांना मात्र काहीच परत पाठवत नसत. जे येईल ते हसून ठेवून घेत.

कँटीनमध्ये समोरच्या बाकावर राज शिंदे बसायचा. मनानं वाईट नव्हता. पण डब्यातली भाजी संपली आणि साहेबांवरचे विनोदही संपले की त्याला लोंढे आठवत.

"लोंढे, खरं सांगा. तुमच्या म्हाताऱ्याला बाटताना किती मिळाले? का नुसत्या दुधाच्या पावडरीवर भागलं?"

बाक हसायचा. लोंढेही हसायचे.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी कितीदा तरी सांगितलं होतं, की तुमच्या श्रद्धेविषयी कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते सौम्यपणे द्या. लोंढ्यांकडे सौम्यपणा पोत्यानं होता. उत्तर तेवढं नव्हतं. म्हणजे उत्तरं सुचायची, अगदी धारदार सुचायची, पण घरी जाताना, स्कूटरवर, पाथर्डी फाट्याच्या आसपास. तिथे ती ऐकायला कुणी नसे. एकदा तर इतकं झकास उत्तर सुचलं की ते मोठ्यानं बोलले, आणि शेजारच्या ट्रकवाल्यानं "काय म्हणता काका?" असं विचारल्यावर हसले.

कुंभमेळ्याच्या वर्षी, दोन हजार तीन साली, जुलैत राजनं तोच प्रश्न नव्यानं भरती झालेल्या पोरांसमोर विचारला. पोरांनी लोंढ्यांकडे पाहिलं. आणि काय झालं कोण जाणे, पाथर्डी फाटा त्या दिवशी कँटीनमध्येच आला.

"पुढच्या महिन्यात चौथ्या शनिवारी घरी या," लोंढे म्हणाले. "कीर्तन आहे. किती मिळाले ते माझी आत्या सांगेल."

"कीर्तन? तुमच्यात?"

"आमच्यात."

"टाळ-बिळ घेऊन?"

"टाळाशिवाय कीर्तन म्हणजे भाषण झालं."

राजचा घास हातात राहिला. हा क्षण लोंढ्यांना आयुष्यभर पुरला असता. फक्त एक अडचण होती. कीर्तन नव्हतंच.

*

"अहो, आत्याबाईंना विचारलंत?" मनीषाबाईंनी विचारलं.

"नाही."

"गच्चीचं सेक्रेटरी आहेर अण्णांना विचारलंत? या दोन खोल्यांत का कीर्तन होणारे?"

"नाही."

"मग विचारलंत तरी कुणाला?"

"कुणालाच नाही. मी सांगितलं."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण या माणसानं कुणाला काही सांगितल्याचं मनीषाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता निस्तरा."

*

मध्येच एक गोष्ट, जी आधी सांगायला हवी होती.

लोंढ्यांच्या घरात कीर्तन तीन पिढ्यांचं. पणजोबा, मग आजोबा. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, आणि निफाडच्या अलीकडच्या वाड्यावस्त्यांवर येशूची आख्यानं. लोक म्हणजे गावचेच. कंदिलाच्या उजेडात सगळे बसत. आजोबा गेले तेव्हा मुलांना गाता येत होतं, पण उभं राहायची छाती नव्हती. चिपळ्या खुंटीला टांगायच्या ठरल्या. तेव्हा सगळ्यात धाकटी रंगू उठली आणि म्हणाली, "खुंटी का कीर्तन करनारे?" तेव्हापासून कीर्तन तिच्याकडे.

त्या रंगूबाई आता पंचाहत्तरीच्या. दातांनी साथ सोडली होती. आवाजानं नाही. आणि या घरात त्या प्रकाराला कधीच कोणी 'ख्रिस्ती कीर्तन' म्हणालं नव्हतं. कीर्तन म्हणत. पुढचे सगळे घोटाळे इथून सुरू होतात.

*

पहिले आले ते चर्चमधले ब्रदर स्वराज. वय कोवळं, केसांना जेल, खांद्यावर कीबोर्ड.

"प्रेज द लॉर्ड अंकल. ऐकलं ते खरंय? टाळ?"

"आणि मृदंग."

"अंकल, टाळ म्हणजे... लोकांना काय वाटेल? आपण त्यांच्यातून बाहेर आलो ना?"

"आलो तेव्हा टाळ घेऊन आलो," लोंढे म्हणाले, आणि स्वतःच दचकले. हे उत्तरही जागेवर सुचलं होतं. सवय लागत होती.

"मी कीबोर्ड घेऊन येतो," ब्रदर स्वराज दुःखानं म्हणाले. "टाळ वाजला की मी त्यावर थोडं हल्लेलुया टाकेन. बॅलन्स होईल."

मग हारुनभाई. शहरातल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं मंडप आणि स्पीकरचं गोदाम होतं. कुंभमेळ्यामुळे शहरातली कनात न् कनात साधुग्रामाकडे गेली होती.

"लोंढेसाब, तुमच्यासाठी एक कनात राखून ठेवतो. लग्नाची आहे, वर मोर आहेत. चालतील ना मोर?"

"मोरांनी काय केलंय?"

"नाही, विचारून घेतलेलं बरं. आजकाल कोणाला मोरसुद्धा खटकतो. आणि एक सल्ला देऊ? स्पीकरची परवानगी काढा. तुम्ही न् मी, आपला आवाज जरा लवकर ऐकू जातो लोकांना."

*

सोसायटीचे सेक्रेटरी आहेर अण्णा सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दारात चपला वाकड्या असतील तर ते आत येणाऱ्याला परत पाठवत. लोंढ्यांनी चपला सरळ ठेवल्या आणि म्हणाले, "अण्णा, गच्ची हवी होती. कीर्तन ठेवतोय."

अण्णांनी चष्मा काढला. "कीर्तन? तुम्ही?"

"हो. आत्या करणार आहे. टाळ-मृदंग, सगळं."

अण्णांचे डोळे पाणावले. त्यांनी लोंढ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "लोंढे! शेवटी!"

"शेवटी म्हणजे?"

"काही बोलू नका. मी समजलो. कुंभमेळ्याचं वर्ष, योग असतो एकेकाचा. मी कुणाला बोलणार नाही."

लोंढ्यांना वाटलं, अण्णांना कीर्तनाची भलतीच आवड दिसते. माणूस ओळखता येत नाही हेच खरं. अण्णा कुणाला बोलले नाहीत, पण दिवेलागणीपर्यंत सगळ्या इमारतीला माहीत झालं.

लोक वागायलाही लागले वेगळं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाटीभर शिरा पाठवला. खालच्या मजल्यावरच्या चिमणाबाई, ज्यांच्या घरची मखमलाबादला फुलशेती होती आणि ज्या फुलांशिवाय कुणाशी बोलत नसत, त्यांनी जिन्यातच लोंढ्यांच्या हातावर शेवंतीची जुडी ठेवली. "बरं केलंत हो दादा. देवाला उशीर नसतो. आमचं भजनी मंडळ येतंय सगळं."

लोंढे भारावले. वीस वर्षं ज्या गोष्टीला घाबरलो ती इतकी सोपी होती? माणसं तर वाटच बघत होती! पाळकसाहेब म्हणत होते ते खरं होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

*

पोलीस चौकीत हवालदारांपुढे दोन गठ्ठे होते. एक हत्तीएवढा, कुंभमेळ्याचा. दुसऱ्यावर चहाचा कप ठेवला होता.

"काय आहे?"

"कीर्तन. गच्चीवर. शनिवारी संध्याकाळी."

अर्ज हत्तीवर पडला.

"साहेब, हे कुंभमेळ्याचं नाही. घरचं आहे."

"काका, यंदा नाशकात कीर्तन आहे म्हटल्यावर ते कुंभमेळ्याचंच."

"पण साहेब, मी ख्रिस्ती आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. लोंढ्यांकडे पाहिलं, मग अर्जाकडे, मग पुन्हा लोंढ्यांकडे. "यादव?"

"यादव."

"आणि ख्रिस्ती?"

"चार पिढ्या."

"मग हा अर्ज नाही चालणार. त्याला वेगळा. वरची सही, शांतता कमिटीची सही, आजूबाजूच्यांचं हरकत नाही म्हणून पत्र. दिवाळी उजाडेल." ते पुढे वाकले. "टाळ आहे?"

"आहे."

"मृदंग?"

"आहे."

"देवाचंच नाव घेणार ना? का पुढाऱ्याचं?"

"देवाचंच."

"मग कशाला गुंता करता?" शिक्का बसला.

लोंढे बाहेर आले. खरं सांगूनही परवानगी मिळाली, याचा त्यांना अभिमान वाटला. कुंभमेळ्याच्या यादीत आपलं नाव गेलंय आणि ती यादी फक्त पोलिसांकडेच राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळी रंगूबाई आल्या. बरोबर मृदंगवाले लहानू मामा, सत्तरीचे, कानानं कमी पण हातानं पक्के. मनीषाबाईंनी चहा पुढे केला.

"कोरा दे गं माय," रंगूबाई म्हणाल्या. त्या दर वेळी असं म्हणत, आणि मनीषाबाई दर वेळी विसरून दूध घालत.

मग मनीषाबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"अहो, इमारत इतकी खूष का आहे ते कळलं मला. काकू बोलल्या. तुम्ही परत आलात म्हणून."

"परत? कुठून?"

"येशूकडून."

लोंढे ओट्याला टेकले. शिरा, शेवंती, अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी, सगळ्याचा एकदम अर्थ लागला. म्हणजे ज्याला ते स्वागत समजत होते ती वापसीची वरात होती. त्यांच्या श्रद्धेला कुणी शिवीसुद्धा दिली नव्हती. ती संपलीच असं धरून तिच्या तेराव्याला शिरा वाटला होता.

"आत्ता जाऊन सांगा अण्णांना," मनीषाबाई म्हणाल्या.

लोंढे गेले. चपला सरळ ठेवल्या. दार उघडलं. अण्णांनी काही बोलायच्या आत हातावर नारळ ठेवला. "उद्याचा मान तुमचा!" आणि लोंढ्यांनी जुन्या सवयीनं, छत्री उघडावी तसं हसू उघडलं.

नारळ घेऊन परत आले.

"सांगितलंत?"

"उद्या आत्या सांगेल."

"आत्याबाई कीर्तन सांगतील," मनीषाबाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही सांगायचं."

*

शनिवार. एकादशी होती, हे लोंढ्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सहाच्या सुमाराला खाली टेम्पो थांबला. शहरातल्या कुण्या उदार व्यापाऱ्यानं कुंभमेळ्याच्या यादीतल्या प्रत्येक कीर्तनाला एकादशीचा फराळ पाठवायचं व्रत घेतलं होतं. साबुदाण्याची खिचडी, तीन पातेली. पहिलं पातेलं दुसऱ्या वळणावर सांडलं, त्यामुळे ज्याला वर यायचं तो खिचडीतून आला. टेम्पोतून एक साधूबाबाही उतरले. यादीत कीर्तन आणि भोजन दोन्ही दिसल्यावर ते साधुग्रामातून थेट आले होते. "जय हो," म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसले ते शेवटपर्यंत तिथेच.

लहानू मामांनी कणीक मागितली. चिमणाबाईंना वाटलं पुऱ्या करायच्यात. त्यांनी परातभर मळून आणली. मामांनी लिंबाएवढी घेतली आणि बाकीच्या कणकेचं काय करायचं यावर भजनी मंडळात चर्चा झाली. ब्रदर स्वराजनी कीबोर्ड लावला आणि इमारतीचा फ्यूज उडाला. हारुनभाईंनी तो शांतपणे बसवला. "भाई, हल्लेलुया जरा कमी वोल्टेजवर घ्या." मोरांची कनात वाऱ्यानं फुगली होती. भजनी मंडळाच्या बाया पुढे, सोसायटी मध्ये, चर्चची माणसं एका कडेला अवघडून, आणि मागे कठड्याला रेलून राज, कँटीनचा अर्धा बाक घेऊन. बंदोबस्ताला हवालदार. सगळ्यांनी खिचडी खाल्ली. लोंढ्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. भीती वाटली की त्यांना भूक लागे.

आहेर अण्णांनी माईक घेतला. "आज आपल्या कुटुंबात एक हरवलेला बंधू..."

"यादू," रंगूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ह्या भाऊंना खाली बसव. उभं ऱ्हायचं काम माझं हाय."

त्या उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, हातात चिपळ्या. चिमणाबाईंनी हार घातला, पाया पडायला वाकल्या. रंगूबाईंनी त्यांना खांद्याला धरून वर उचललं. "पाया नको पडू माय. मी बी त्याच्याच पायाशी." आणि आवाज लागला.

"तहान भागवणारा आला, तहानेला बसला ।
रिकाम्या घागरीपाशी सागर येऊन हसला ॥"

भजनी मंडळाचे टाळ आपोआप सुरू झाले. ब्रदर स्वराज दोन ओळी कीबोर्ड शोधत राहिले, मग त्यांनी तो बंद केला आणि टाळ्या वाजवायला लागले.

आख्यान विहिरीवरच्या बाईचं होतं. शोमरोन नावाचा मुलूख. भर दुपारची वेळ. बाई एकटी पाण्याला आलेली, "कारन बाकीच्या बाया सकाळी येत्यात अन् ही आली का पदर सावरत्यात. समजलं का?" भजनी मंडळाला समजलं. दोघीतिघींनी तर मान खाली घातली. विहिरीच्या काठावर एक परका माणूस बसलेला. उच्च जातीचा, यहुदी. तो म्हणतो, बाई, मला पाणी दे.

"अन् बाई काय म्हनती? म्हनती, आरं बाबा, तू कोन, मी कोन? माझ्या हातचं पानी तुला चालंल? अन् हा म्हनतो..." रंगूबाईंनी चिपळ्या थांबवल्या. "कोन होता माहितीय का हा? हा माझा प्रभू येशू होता."

पुढच्या बायांनी वळून सोसायटीकडे पाहिलं.

आहेर अण्णा उठले. चेहरा पातेल्यासारखा काळा. "थांबवा! ही फसवणूक आहे! लोंढे, कीर्तनाच्या नावाखाली तुम्ही... आमच्याच टाळांवर... आमच्या एकादशीला!"

"बरोबर बोलले अण्णा," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी उठलं. आणि मागून, कठड्याकडून, राजचा आवाज आला. तोच आवाज, कँटीनमधला. "अहो, ते जाऊ द्या. लोंढे, कबूल केलं होतं तुम्ही. किती मिळाले ते सांगणार होती ना आत्या?"

बाक हसला. रंगूबाईंनी तोंड उघडलं.

"थांब आत्या," लोंढे म्हणाले. "मी सांगतो."

ते पुढे आले. हसू शोधलं. सापडलं नाही. घरी राहिलं असावं.

"अण्णा, मी काही लपवलं नाही. मी कीर्तन म्हणालो. माझ्या घरात याला कीर्तनच म्हणतात. तुम्ही घरी चहा घेता तो कुठल्या धर्माचा ते सांगता का? मी परत आलोय असं तुम्हाला वाटलं. काल मला ते कळलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, एवढी माझी चूक. पण परत यायला मी कुठे गेलोच नाही. याच गावचा. याच भाषेतला. माझ्या आजोबांनी ह्या चिपळ्या तुमच्या कुणाच्या घरून चोरल्या नव्हत्या."

"विषय टाळू नका," राज म्हणाला. पण जरा हळू.

"टाळत नाही. वीस वर्षं टाळला. राज, तू आज काय खाल्लंस?"

"खिचडी."

"मीही. दोन वाट्या. एकादशीची, कुणा भल्या माणसाच्या श्रद्धेची. शेंगदाणे चांगले होते. माझ्या बायकोनं खाल्ली, चर्चच्या लोकांनी खाल्ली. ब्रदर स्वराजनी तर तिसऱ्यांदा घेतली." ब्रदर स्वराजनी वाटी पाठीमागे नेली. "आता सांग. माझं अख्खं घराणं जर मूठभर पावडरीनं बाटतं, तर तीन पातेली खिचडीनं आम्ही सगळे आत्तापर्यंत तुमचे व्हायला हवे होतो. झालो का? उद्या सकाळी मी चर्चलाच जाणार."

टाकीपाशी साधूबाबा मोठ्यानं हसले. त्यांना मराठी किती समजलं कोण जाणे, खिचडी समजली असावी.

"येशूकडे आधी गेले ते पणजोबा. त्यांना काय मिळालं ते सांगतो. गावकीचं काम सुटलं. बलुतं बंद झालं. सख्ख्या भावानं लग्नाचं बोलावणं पाठवायचं सोडलं. आणि एक मिळालं. त्यांच्या हातचं पाणी अख्ख्या मुलखात कुणी पीत नव्हतं, आणि त्यांना एक देव भेटला जो काठावर बसून पाणी मागत होता. एवढंच. त्यांनी दिलं. हा सौदा वाटत असेल तर सौदा म्हणा. मला तो रोज परवडतो. ज्याला जायचं त्यानं जावं, राग नाही. खिचडी खाली नेऊ नका, जिन्यात सांडते."

आयुष्यात पहिल्यांदा लोंढ्यांनी इतकं सलग बोलून घेतलं होतं. आवाज जरासुद्धा कापला नाही, हे त्यांना नंतर मनीषाबाईंनी सांगितलं.

"हवालदार!" अण्णा ओरडले. "बंद करा हे!"

हवालदारांनी खिशातला कागद उलगडला. "परवानगी कीर्तनाची आहे. चालू आहे ते कीर्तनच आहे. टाळ आहे, मृदंग आहे, देवाचं नाव आहे. पुढाऱ्याचं काढलं असतं तर बंद केलं असतं."

"पण देव कुठला ते..."

"त्याला रकाना नाही, अण्णा."

अण्णा जायला निघाले. मागोमाग पाचसहा जण. तेवढ्यात पुढच्या रांगेतून चिमणाबाई करवादल्या. "अहो, बसा की खाली! जिन्यात खिचडी आहे, घसरून पडाल. आणि त्या बाईनं पाणी दिलं का नाही ते तरी कळू द्या!"

"तुम्ही ऐकणार? हे?"

"गोष्ट अर्धी टाकून उठलं तर घरी झोप येत नाही मला. देव माझा माझ्यापाशी आहे, कुठं पळून चाललाय?" आणि त्यांनी रंगूबाईंकडे पाहिलं. "सांगा हो आत्या. मग?"

रंगूबाईंनी भाच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आजोबांचा फेटा होता. चिपळ्या वाजल्या.

"मग हा म्हनतो..."

अण्णा जिन्याच्या दारातच उभे राहिले. आत आले नाहीत, खालीही गेले नाहीत. कीर्तन संपेपर्यंत एक पाय उंबऱ्यावर ठेवून ते निषेध नोंदवत होते.

*

पुढं काय झालं ते थोडक्यात.

कुणाचं धर्मांतर झालं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, फळ काय? लोंढे म्हणाले, "मला उत्तर देता आलं. माझ्यापासून सुरुवात झाली असं धरा." पाळकसाहेबांनी धरलं.

सोसायटीच्या सभेत आहेर अण्णांनी माफीची मागणी केली. लोंढ्यांनी उभं राहून ती नाकारली, सौम्यपणे. अण्णांनी नारळ परत मागितला. मनीषाबाईंनी तो फोडून खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. त्यातल्या चार त्यांनी अण्णांकडे पाठवल्या. वाटी धुऊन परत आली, रिकामी, पण निरोपाशिवाय. डिसेंबरातल्या कार्यक्रमासाठी लोंढ्यांनी गच्चीचा नवा अर्ज दिला. विषयात एकच शब्द लिहिला. कीर्तन.

आणि कँटीन. सोमवारी राज समोर बसला. भाजी संपली. साहेबांवरचे विनोद संपले. बाकावरची पोरं लोंढ्यांकडे बघायला लागली. लोंढे तयार होते. हसू घरी ठेवून आले होते. आता ते रोजच घरी ठेवायचे.

राजनं डबा बंद केला, पुन्हा उघडला.

"लोंढे, ती बाई पळत गावात गेली ना, सगळ्यांना बोलवायला? मग तिचा हंडा?"

"विहिरीवरच राहिला."

"कुणी नेला नाही?"

"डिसेंबरात ये," लोंढे म्हणाले. "आत्याला विचार."

*

बहात्तरच्या दुष्काळात शाळेपुढे दुधाची पावडर वाटली गेली, तेव्हा रांगेत सगळं गाव उभं होतं. रंगूबाईंनी त्यांच्या वाट्याची पावडर शेजारणीला देऊन टाकली. दूध त्यांना लहानपणापासून पचत नव्हतं.